आंतरराष्ट्रीय स्पर्धेत व्हॉलंटियर व्हायचंय? कोकणातून निघताना काय काय करावं लागतं

१० ऑक्टोबर २०१७. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात इराणने जर्मनीला ४-० असं हरवलं. मी तेव्हा आतच होते, व्हॉलंटियरचा टी-शर्ट घालून, जिन्याच्या तोंडाशी. चारांतला एकही गोल मी पाहिला नाही. माझं तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे होती, कारण जिना मोकळा ठेवणं हेच माझं काम होतं. गोल झाला की समोरची माणसं एकदम उठायची, आणि त्या गडबडीत एखादं पोर पायऱ्यांवर पळत येतंय का ते मला बघावं लागायचं.

हे आधीच सांगते, कारण मला येणारे निम्मे फोन "मॅच फुकट बघायला मिळते ना?" इथूनच सुरू होतात. मॅच बघायची असेल तर सरळ तिकीट काढा. आलेल्या माणसांची सरबराई करायला आवडत असेल, तासन्‌तास उभं राहायची तयारी असेल, तर पुढचं वाचा.

मी कुडाळची. २०१७ मध्ये फातोर्ड्याला आणि २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात, असं दोन वेळा हे काम केलं. दोन्ही वेळा विचारायला जवळपास कोणी नव्हतं. जे चुकत चुकत कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी घरच्यांना नीट समजावा

कतारची निवड झाल्याचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "फुकट काम करूक इतक्या लांब जातलंस, आणि विमानाचा तिकीट पण आपणाकच काढूक व्हया?" तिचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर "होय" असंच होतं.

व्हॉलंटियरला पगार नसतो. मिळतं ते असं: गणवेश, ड्युटीच्या दिवशी जेवण, शहरातला प्रवास, प्रशिक्षण आणि शेवटी प्रमाणपत्र. राहण्याचं मात्र प्रत्येक स्पर्धेचं वेगळं असतं. कतारमध्ये सुमारे २०,००० व्हॉलंटियर होते आणि बाहेरदेशातून आलेल्यांची राहण्याची सोय आयोजकांनी केली होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ४५,००० व्हॉलंटियर घेतले, पण तिथे खोली ज्याची त्याने बघायची होती. महिनाभराची खोली म्हणजे किती खर्च, हे मुंबईत भाड्याने राहिलेल्या कोणालाही विचारा. म्हणून अर्ज भरण्याआधी "राहण्याची सोय कोणाची" ही एक ओळ शोधून वाचा. बाकीचं सगळं गणित तिच्यावर ठरतं.

घरच्यांना आणखी एक सांगायचं: ही नोकरी नाही आणि नोकरीची वाटही नाही. आपल्याकडे घराघरातून माणसं आखातात गेलेली आहेत, त्यामुळे "तिकडे गेलीस की काहीतरी काम बघ" असं कोणी ना कोणी म्हणतंच. स्पर्धेसाठी मिळालेल्या परवानगीवर तिथे राहून काम करणं बेकायदेशीर आहे. तो विचार मनात असेल तर अर्जच करू नका. तुमच्यामुळे पुढच्यांची वाट बंद होते.

२. पहिली स्पर्धा जवळची निवडा

पहिल्याच झटक्याला परदेश नको. आपण कोकणातले लोक यात नशीबवान आहोत, एका टोकाला नवी मुंबई आणि दुसऱ्या टोकाला मडगाव. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक दोन्हीकडे झाला. २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, तोही दोन्हीकडे, आणि त्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आपल्या मुलींनी २ नोव्हेंबर २०२५ ला एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तोही याच मैदानावर.

सिंधुदुर्गातल्यांना मडगाव जवळ, रायगड आणि उत्तर रत्नागिरीवाल्यांना नवी मुंबई. एका स्पर्धेत काम केलं की दोन गोष्टी होतात. आपल्याला हे झेपतं का ते घरापासून दोन-चार तासांच्या अंतरावर कळतं, आणि पुढच्या अर्जात लिहायला ठोस काहीतरी हाती येतं.

पुढचं बघायचं तर लॉस एंजेलिस ऑलिंपिक १४ ते ३० जुलै २०२८ ला आहे, आणि २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. आत्ता अकरावी-बारावीत असलेल्यांनी अहमदाबाद डोळ्यांसमोर ठेवावं असं मला मनापासून वाटतं. व्हिसा नको, विमान नको, आणि कोकण रेल्वेवरून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्याही आहेत.

वयाची अट बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण अशी असते, तीही अर्जाच्या दिवशी की स्पर्धेच्या सुमारास, ते नीट बघून घ्या.

३. कागदपत्रं: सगळा घोळ नावाचा

यादी छोटी आहे:

- पासपोर्ट, स्पर्धा संपल्यावर आणखी किमान ६ महिने चालणारा
- आधार कार्ड
- दहावीचं प्रमाणपत्र
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ताजा फोटो, डिजिटल प्रत
- प्रथमोपचार, एनसीसी, एनएसएस असं काही असल्यास त्याचं प्रमाणपत्र
- मागितलंच तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट

साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. तत्काळ हवा असेल तर २,००० जास्त. पोलीस क्लिअरन्ससाठी ५०० रुपये, अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरच. दहावीचं प्रमाणपत्र पासपोर्टच्या वेळी आठवणीने जोडा, म्हणजे ईसीआरचा (काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते, असा) शेरा लागत नाही.

आता घोळ. आपल्या दहावीच्या कागदावर नाव येतं ते आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं आधी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि बाकीचं सगळं "दिलेलं नाव" या रकान्यात, त्यात वडिलांचं नाव असेलही किंवा नसेलही. त्यात स्पेलिंग. सावंतमध्ये कोणी डब्ल्यू घालतं, कोणी व्ही. परबाच्या शेवटी कोणाकडे ए असतो, कोणाकडे नसतो. लग्न झालेल्या मुलींचं तर आणखीच.

माझ्या पासपोर्टवर नावाला जोडून वडिलांचं नाव आहे. स्पर्धेचा अर्ज भरताना "फर्स्ट नेम" दिसलं म्हणून मी फक्त माझं नाव टाकलं. पुढे प्रवेशाच्या परवानगीसाठी पासपोर्टची प्रत चढवली तेव्हा दोन्ही नावं जुळेनात. ईमेल, स्क्रीनशॉट, पुन्हा ईमेल असे दोन आठवडे गेले आणि त्या दोन आठवड्यांत विमानाचं तिकीट महागलं.

यावर उपाय सोपा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानाच्या तळाशी इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी असतात, मध्ये बाणासारख्या खुणा. वरच्या ओळीत सुरुवातीच्या देशाच्या खुणेनंतर आधी तुमचं आडनाव आणि मग "दिलेलं नाव" पूर्ण असतं. अर्जात, तिकिटावर, ओळखपत्रावर, सगळीकडे अगदी तसंच लिहायचं, एक अक्षरही इकडेतिकडे नाही. पासपोर्ट नवीन काढत असाल तर त्याआधीच आधार आणि दहावीचं स्पेलिंग जुळवून घ्या.

४. अर्ज: जत्रेतलं काम लिहायला लाजू नका

अर्ज ऑनलाइन असतो आणि आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा. स्पर्धेच्या बऱ्याच आधी, कधीकधी वर्षभर आधी तो उघडतो. कतारचा विश्वचषक नोव्हेंबर २०२२ मध्ये होता आणि अर्ज मार्चमध्येच सुरू झाले होते. एका बैठकीत भरून होईल असं समजू नका. सायबर कॅफेत बसून भरणार असाल तर उत्तरं आधी वहीत लिहून न्या.

अर्जात कामाचे विभाग विचारतात: प्रेक्षक सेवा, ओळखपत्रं, वाहतूक, माध्यमं, भाषा, वैद्यकीय मदत, पाहुण्यांचं स्वागत आणि असे बरेच. सगळ्यांना खेळाडूंच्या जवळचं काम हवं असतं. सगळ्यात जास्त माणसं लागतात ती प्रेक्षक सेवेला, आणि माझ्या मते नवख्याने तीच मागावी. दिवसभरात हजारो माणसांशी बोलणं होतं. असं दुसऱ्या कुठल्याही विभागात होत नाही.

"अनुभव" या रकान्याशी आपली मुलं अडतात. रत्नागिरीच्या एका मुलीने मला तिचा अर्ज दाखवला होता, तिथे तिने "नाही" लिहिलं होतं. मी विचारलं, गावच्या जत्रेत काय करतेस? तर ही पाच वर्षं देवळातली बायकांची रांग सांभाळत होती!

आंगणेवाडीची जत्रा आठवा. दीड दिवसात लाखो माणसं येतात. रांगा कशा वळवायच्या, म्हाताऱ्यांना कुठून आत घ्यायचं, हरवलेलं पोर कुठे नेऊन बसवायचं, माइकवर काय पुकारायचं, हे आपल्याकडची मुलं लहानपणापासून बघतात आणि करतात. स्टेडियमवर जमाव हाताळायचं प्रशिक्षण मिळालं तेव्हा मला त्यातलं निम्मं ओळखीचं वाटलं. हे सगळं अर्जात लिहा, फक्त नीट लिहा. "जत्रेत मदत केली" एवढं लिहून चालणार नाही. किती वर्षं, किती तास, तुमच्या हाताखाली किती जण, नेमकं कुठलं काम, ते लिहा. गणपती मंडळ, शाळेचं स्नेहसंमेलन, कबड्डीचे सामने, २०२१ च्या चिपळूणच्या पुरात केलेलं मदतकार्य, हे सगळं खरा अनुभव आहे. न केलेलं मात्र काही लिहू नका, मुलाखतीत तेच उकरून विचारतात.

भाषांच्या रकान्यात मराठी आणि हिंदी दोन्ही भरा. आखातातल्या स्पर्धेला हिंदी किती लागते ते तिथे गेल्यावर कळतं. घरात उर्दू किंवा थोडी अरबी येत असेल तर आवर्जून लिहा.

५. मुलाखत

परदेशातल्या स्पर्धेची मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. इंग्रजी फाडफाड लागत नाही. समोरच्याला कळेल असं, सावकाश, पूर्ण वाक्यात बोललं की पुरतं. माझं इंग्रजी कुडाळच्या मराठी शाळेतलं आहे.

"कठीण प्रसंग कसा हाताळलात?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर तीन टप्प्यांत द्या: काय झालं, मी काय केलं, शेवटी काय झालं. मी जत्रेतली एक गोष्ट सांगितली होती. रांगेत एक आजी चक्कर येऊन बसल्या, मागची माणसं पुढे रेटत होती. मी आधी मागच्या चार जणांना हात धरून कडं करायला लावलं, मग पाणी मागवलं, मग आजींना बाजूने बाहेर काढलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आधी पाणी का नाही?" मी म्हटलं, "आधी गर्दी थांबली नसती तर पाणी पोहोचलंच नसतं." त्यांनी ते लिहून घेतलं.

नेटची खात्री करून घ्या. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो, हे काय सांगायला हवं! मुलाखतीच्या दिवशी कुडाळ, कणकवली, चिपळूण अशा ठिकाणी कोणाकडे तरी जाऊन बसा.

६. निवड झाल्यावर

ईमेल रोज बघा, स्पॅमसकट. "स्वीकारा" हे बटण ठरलेल्या मुदतीत दाबलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. मग ऑनलाइन प्रशिक्षण असतं, ते अर्धवट सोडू नका. ड्युटीचं वेळापत्रक उशिरा येतं, म्हणून कॉलेजात किंवा कामावर सुट्टी आधीच मागून ठेवा, आणि लेखी मागा.

व्हिसा कोणी काढायचा ते विचारून घ्या. कतारला हय्या कार्ड हीच प्रवेशाची परवानगी होती. सगळीकडे असं नसतं. निवडीचं पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. परवानगी हातात आल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका.

७. कोणी पैसे मागितले की तिथेच थांबा

व्हॉलंटियर होण्यासाठी आयोजक शुल्क घेत नाहीत. नोंदणी फी, गणवेशाची अनामत, "कोटा", "सेटिंग" असलं काही नसतं. २०२२ मध्ये आमच्या ओळखीतल्या एका मुलाकडून एका एजंटाने व्हॉलंटियर व्हिसाच्या नावाखाली पैसे घेतले. मुलाच्या हाती एक छापील पत्र आलं, त्यावर स्पर्धेचं बोधचिन्हसुद्धा होतं. ते बनावट निघालं. त्याच्या आईने त्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. पासपोर्टची मूळ प्रत कोणाच्याही हाती "ठेवायला" देऊ नका, मग तो वाडीतला का असेना.

८. घरातून निघताना

जून ते ऑक्टोबरमध्ये कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते, गाड्यांचा वेग कमी असतो. दरड आली की सगळंच ठप्प. विमान मुंबईहून असेल तर एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा, आदल्या रात्री मुंबईत पोहोचलेलं बरं. आता गोव्यातलं मोपा आणि नवी मुंबई असे दोन नवे विमानतळ झाले आहेत, तेव्हा तिकडून सोयीचं काही मिळतंय का तेही बघा. नेरूळला जाणाऱ्यांनी पनवेलला उतरून हार्बरची लोकल धरावी. फातोर्ड्याला रात्री ८ चा सामना संपून बाहेर पडेपर्यंत कुडाळकडची सोयीची गाडी राहत नाही. मी मडगावात मावशीकडे राहिले. तशी सोय आधी बघा.

बॅगेत आरामदायक, वापरून सैल झालेले बूट. नवे बूट अजिबात नकोत. पायमोज्यांचे चार जोड, पॉवर बँक, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट औषधं, प्रवासाचा विमा, पासपोर्टच्या दोन छायाप्रती.

आणि मालवणी मसाला काढून ठेवा. त्यात बहुतेक घरी खसखस घालतात, आणि यूएई, सौदीसारख्या आखाती देशांत खसखशीवर बंदी आहे. आईने साडीच्या घडीत ठेवलेली मसाल्याची पिशवी मी निघायच्या आदल्या रात्री बाहेर काढली. ती रागावली, पण विमानतळावर कोणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? आमसुलं नेली, ती चालली.

९. प्रत्यक्ष ड्युटी

दोह्यात माझी ड्युटी स्टेडियम ९७४ वर होती. बंदरावरचे डबे, म्हणजे शिपिंग कंटेनर, रचून बांधलेलं हे मैदान. ९७४ कंटेनर, आणि कतारचा आंतरराष्ट्रीय दूरध्वनी कोडही ९७४. अगदी समुद्राकाठी, त्यामुळे संध्याकाळी खारा वारा यायचा आणि पहिल्या दिवशी मला एकदम मालवणजवळच्या देवबागची आठवण झाली. हातात मोठा फोमचा पंजा, आणि काम एकच: मेट्रो कुठे, गेट कुठे, शौचालय कुठे. एका ड्युटीत तेच वाक्य हजारदा. हजाराव्या माणसाला तो रस्ता पहिल्यांदाच कळत असतो. आवाज चढू द्यायचा नाही.

३० नोव्हेंबरला पोलंड-अर्जेंटिना सामना रात्री १० ला सुरू झाला. तो सुटल्यावर आकाशी-पांढऱ्या टी-शर्टांचा लोंढा गात गात मेट्रोकडे निघाला. त्यातून एक सत्तरीची बाई बाजूला आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, फोन बंद पडलेला. तिने माझ्या फोमच्या पंज्याचं बोट घट्ट धरलं आणि सोडेचना. तिला स्वतः मेट्रोपर्यंत पोहोचवावं असं फार वाटलं. पण जागा सोडायची नाही हा पहिला नियम आहे. मी सुपरवायझरना कळवलं, त्यांनी स्पॅनिश येणारा मुलगा पाठवला. तो येईपर्यंत दहा मिनिटं ती माझ्या शेजारी उभी राहिली, आणि मी दुसऱ्या हाताने रस्ता दाखवत राहिले. त्या मुलाने तिच्याच गटातल्या माणसाला फोन लावून दिला.

बाकीचे नियम थोडक्यात. खेळाडू दिसला तरी सेल्फी किंवा सही मागायची नाही, ओळखपत्र काढून घेतात. ओळखपत्रावर ज्या विभागांची परवानगी आहे त्याच्या पलीकडे जायचं नाही, ते कोणाला वापरायला द्यायचं नाही, आणि त्याचा फोटो सोशल मीडियावर टाकायचा नाही. ठरलेल्या ड्युटीला दांडी मारायची नाही. आजारी असाल तर आधी कळवा. ड्युटीवर पाणी पीत राहा, शौचालयाला जावं लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या मुलीच चक्कर येऊन पडतात, हे मी दोन्ही स्पर्धांत पाहिलं. जागा बदलायला माणूस मागणं हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा. मिळतं, पण सांगावं लागतं.

१०. परत आल्यावर

प्रमाणपत्र बहुधा ऑनलाइन येतं आणि ती लिंक कायम चालू राहत नाही. आल्याच दिवशी उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. फातोर्ड्याचं माझं प्रमाणपत्र मी कतारच्या अर्जाला जोडलं होतं. तुमच्या सुपरवायझरचं पूर्ण नाव आणि ईमेल त्यांच्या परवानगीने लिहून घ्या. पुढच्या अर्जात "तुम्हाला ओळखणारी व्यक्ती" असा रकाना आला की तेच नाव लागतं.